पोटाखालचे तीन काप

३ फेब्रुवारी

ती. मामा,
सा. नमस्कार.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली आहे. ती आधी दुरुस्त करते, बाकीचं नंतर.

मी लिहिलं होतं, "बाबांच्या रबरी आमिषाच्या पोटाखाली तीन आडवे काप असतात. आमिष बुडताना त्या कापांत पाणी थरथरतं आणि वाळूत दडलेल्या चपट्या माशाला ती थरथर लांबून जाणवते." हे बाबांनी मला कधीच सांगितलेलं नाही. लिहिताना टेबलावर जे आमिष होतं त्याला तीन काप होते. दिवसभर प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचे, प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं समजायचं, ही माझी सवय. कारण सापडेना, तेव्हा मी ते स्वतःच तयार केलं.

पत्र टाकल्यावर चैन पडेना. काल बाबा साच्यात रबर ओतत होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की कापांमुळे मासा येतो का? ते इतके हसले की हातातली पळी खाली ठेवावी लागली.

"माशाला मोजता येतं होय गं? ते माझ्यासाठी आहेत. एक काप म्हणजे हलकं, दोन म्हणजे मधलं, तीन म्हणजे जड. शिसं आत गेलं की वरून सगळी सारखीच दिसतात. बाजारच्या पाकिटावर आकडे असतात, पण ते तुझ्यासारख्यांना. माझं बोटाला कळतं."

तुम्हाला ठाऊक आहे, बाबा शिसं आणि गळ आधी साच्यात बसवतात आणि वरून रबर ओततात, त्यामुळे वजन आत झाकलं जातं. आणि आता त्यांच्या डोळ्यांसमोर कायम धुकं असतं. होड्या दुरुस्त करायचं काम सुटलं ते त्यामुळेच. कापांशिवाय त्यांना एक आमिष दुसऱ्यापासून ओळखता येणार नाही. मी मात्र पंचवीस वर्षं या घरात राहून ते काप म्हणजे नक्षी समजत होते.

तेव्हा ते वाक्य कृपया खोडा. निवडताना वजन पाहायचं, काप नव्हे. चपट्या तळाशी पडून असतो, वाळू अंगावर ओढून, फक्त डोळे वर. आमिष तळाला टेकलं पाहिजे. संथ, उथळ पाण्यात एका कापाचं पुरतं. ओहोटीला पाणी ओढ घेतं तिथे दोन. पुलाखालच्या खोल चरात तीन. आमिष टेकलं की दोरी सैल पडते. मग काठीचं टोक हातभर उचलायचं, आमिष उडी मारतं, आणि ते पुन्हा खाली येताना चपट्या धरतो. वर जाताना नाही. बाबा म्हणतात, "तो आळशी आहे, पडलेलं उचलतो."

डॉक्टरांनी तुम्हाला पाण्याकाठी बसायला सांगितलं हे बरं झालं. रक्तदाब आता किती आहे? तुम्ही गळ टाकायला शिकताय हे बाबांना अजून सांगितलेलं नाही, तुम्ही म्हणालात तसं. पण त्यांच्याकडून माहिती काढून घेऊन त्यांच्यापासूनच लपवायचं, हे मला अवघड जातं.

आई तुमची वाट पाहते.

आपली भाची


११ फेब्रुवारी

चि. तराजूस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी खाऊसुद्धा तोलून घ्यायचीस म्हणून मी तुझं नाव तराजू ठेवलं, ते काही चुकलं नाही. तीन कापांची दुरुस्ती मिळाली. एवढ्यासाठी वेगळं पाकीट, वेगळं तिकीट! अगं, मला काय परीक्षेला बसायचंय? तुझं ते थरथरीचं वाक्य मला फार आवडलं. वाचतानाच वाटतं, आत्ता मासा आला. भावोजींचं उत्तर खरं असेल, पण त्यात मजा नाही.

तुला गंमत सांगतो. रविवारी गेलो होतो. आमिष पाण्यावर नुसतं नाचवलं, आणि हा एवढा चपट्या वरून झडप घालून घेऊन गेला! काठावरची माणसं बघत राहिली. म्हटलं, आमच्या भाचीचं शिक्षण आहे.

आता एक काम. पाणी गढूळ असताना कुठला रंग, स्वच्छ असताना कुठला, शेपूट कसलं, हे सगळं एकदा नीट क्रमाने लिही. सोप्या वाक्यांत, कोणालाही कळेल असं. या वयात मोठी वाक्यं माझ्या डोक्यात राहत नाहीत. आणि भावोजींची सहा आमिषं पाठव, प्रत्येक प्रकारची दोन. ती मळकट रंगाची हवीतच. भावोजींना कळू देऊ नकोस. मी स्वतः येऊन त्यांच्यासमोर मासा टाकणार आहे, तेव्हा त्यांचा चेहरा बघू.

तुझ्यासारखं लिहिणारं आपल्यात कोणी नव्हतं. तुझी फी भरताना लोक मला म्हणायचे, भाचीवर काय एवढं? त्यांना आता तुझं पत्र दाखवतो.

आईला सांग, दुकानाच्या धावपळीत आहे, पण येणार.

मामा


२० फेब्रुवारी

ती. मामा,
सा. नमस्कार.

सहा आमिषं सोबत आहेत. बाबांच्या डब्यातून मी ती घेतली आणि संध्याकाळी त्यांनी डबा चाचपला. "दोन-दोन कमी कशी?" म्हणाले. मी म्हटलं, माझ्या साहेबांना हवी होती. मी बाबांशी खोटं बोलले, मामा. असं पुन्हा करायला लावू नका.

तुमचा मासा वरून झडप घालून आला, हे मी दोनदा वाचलं. चपट्या वर येत नाही असंच मी आजवर ऐकत आले. पण तुमच्याकडची खाडी वेगळी असेल, किंवा पाणी फार उथळ असेल. मी स्वतः कधी गळ टाकलेला नाही, तेव्हा मी कोण शंका घेणार.

तुम्ही म्हणालात तसं सोप्या वाक्यांत लिहिते.

पाणी स्वच्छ असेल तर खालच्या वाळूसारखा रंग घ्या. पाणी गढूळ असेल तर गडद घ्या, कारण गढुळात रंग नाही, सावली दिसते. शेपूट वल्ह्यासारखं चपटं असावं. हळू ओढलं तरी ते हलतं. पाणी जोरात ओढत असेल तर बारीक निमुळतं शेपूट बरं. आमिष फार मोठं घेऊ नका, फार लहानही नको. चपट्याचं तोंड मोठं असतं पण तो दूरवर धावत नाही. त्याचे दात खरखरीत असतात, म्हणून गळाजवळची दोरी जाड ठेवा आणि प्रत्येक माशानंतर बोटाने तपासा. गवत संपून वाळू सुरू होते त्या कडेला टाका. मासा काढताना डोक्याच्या बाजूचे काटे सांभाळा.

आणि फार मोठा मासा लागला तर सोडून द्या. मोठ्या त्या सगळ्या माद्या असतात. बाबांनी आजवर एकही मोठी घरी आणलेली नाही.

मळकट रंगाचं विचारलंत. तो रंग बाजारात मिळत नाही. पूर्ण ओहोटीला बाबा पुलाखालच्या दगडांत जातात. तिथे लोकांची आमिषं अडकून तुटलेली असतात, लाल, हिरवी, चमकीची, सगळ्या प्रकारची. बाबा ती गोळा करतात, धुतात आणि एकत्र वितळवतात. त्यातून तो रंग होतो. घरात आम्ही त्याला "उरलंसुरलं" म्हणतो. दर वेळी जरासा वेगळा येतो. आई म्हणते, "लोक टाकतात ते तुझा बाप उचलतो, आणि लोक तेच परत घेऊन जातात." धक्क्यावरच्या दुकानातून हीच सगळ्यात आधी संपतात.

तुम्ही कधी येणार ते कळवा. म्हणजे मी तोवरच हे लपवीन.

आपली भाची


९ मे

ती. मामा,
सा. नमस्कार.

मार्चमध्ये एक आणि एप्रिलमध्ये दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. तब्येतीची काळजी वाटत होती. परवापर्यंत.

परवा धक्क्यावरचा दुकानदार घरी आला. एरवी तो दारातूनच ओरडतो, "उस्ताद, माल काढा!" परवा आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. खिशातून एक पाकीट काढलं. पाकिटावर तुमचा फोटो आहे. हातात काठी आहे, ती उलटी धरली आहे. खाली लिहिलं आहे, "तीन काप. आमच्या घराण्याचं गुपित." आत रबरी आमिषं, मळकट रंगाची, आणि घडी केलेला कागद.

तो कागद मी वाचला. "गढुळात रंग नाही, सावली दिसते." "चपट्याचं तोंड मोठं असतं पण तो दूरवर धावत नाही." माझी वाक्यं आहेत, मामा. स्वल्पविरामसुद्धा माझे आहेत. मोठी मादी सोडून द्या, हे मात्र त्यात नाही. त्या जागी पाकिटावर एका मोठ्या चपट्याचं चित्र आहे, "असा पकडा!" आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, "आमिष बुडताना त्या कापांत पाणी थरथरतं."

दुकानदाराकडे तुमच्या दुकानाकडून नोटीस आली आहे. पोटाखाली काप असलेली रबरी आमिषं ही तुमच्या दुकानाची रचना आहे, नोंदणीसाठी अर्ज दिलेला आहे, तशी नक्कल कोणी विकू नये. त्याने बाबांची शिल्लक आमिषं पिशवीतून परत आणली होती. बाबांना म्हणाला, "उस्ताद, काप न घालता करा की, मी घेतो." बाबा म्हणाले, "मग मला कळणार कसं, कुठलं कुठलं?"

बाबांना अजून समजलं नव्हतं की हे कोणाचं. त्यांनी पाकीट मागून घेतलं, एकेक आमिष काढून पोटाखाली बोट फिरवलं. मग तळहातावर तोललं. पुन्हा बोट फिरवलं. म्हणाले, "हे तीन कापांचं आहे, पण हलकं आहे. हेही तीन कापांचं, आणि हे मधलं. सगळ्यांनाच तीन? हे ज्याने केलं त्याला मोजता येत नाही."

मी तिथेच उभी होते.

मामा, मला अजून वाटतं की यामागे काही कारण असेल. तुम्ही गुपचूप काही करणार होतात, बाबांचं नाव पुढच्या छपाईत येणार असेल, नोटीस कारकुनाने परस्पर पाठवली असेल. मी सगळ्या शक्यता लिहून पाहिल्या. तुम्हीच सांगा, त्यातली कुठली खरी. तोवर आईला मी काही सांगणार नाही.

आपली भाची


१७ मे

चि. भाचीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. आपल्या माणसाला कोणी असं उलटतपासणीसारखं लिहीत नाही. शाळेत घातल्याचा हा परिणाम असेल तर चूक माझीच.

आता ऐक. मासे कसे पकडायचे ही काय कोणाच्या बापाची इस्टेट आहे? वाळूत चपट्या असतो, हे जगाला ठाऊक आहे. तू लिहिलंस ते दहा माणसांनी मला सांगितलं होतं. काप म्हणशील तर कापही कोणालाही सुचतील. माझ्या कारागिराला सुचले. आणि ते कशासाठी असतात हे कागदावर छापलंय. त्यात चुकीचं असेल तर तेव्हाच का नाही कळवलंस? तुझी दुरुस्ती वगैरे मला कधी मिळाली नाही.

भावोजींचं मी वाईट करीन का? माझ्या बहिणीचं घर आहे ते. त्यांना म्हणावं, इकडे या, माझ्या कारखान्यात साचे ओता, बसून काम आहे, त्याला डोळ्यांची गरज नाही. पाकिटावर नाव लावायचं म्हणतेस. कोणाचं लावू? ज्याला स्वतःची सही येत नाही त्याचं? कचेरीत अर्ज केला तर कागदावर अंगठा उठवतील का ते? व्यवहार असा होत नसतो.

आईला मध्ये आणू नकोस. तिला मी एकच भाऊ आहे. आणि तू आज ज्या खुर्चीत बसून पाण्याच्या बाटल्या हलवतेस, ती खुर्ची कोणामुळे, याचा शांतपणे विचार कर. नोंदणीवर हरकतीबिरकतीच्या भानगडीत पडू नकोस. कचेरीतली माणसं माझ्या ओळखीची आहेत. हसं तुझंच होईल.

मामा


२६ मे

मामा,

शांतपणे विचार कर म्हणालात, म्हणून नऊ दिवस घेतले.

आधी एक दुरुस्ती. नऊ तारखेच्या पत्रात मी लिहिलं होतं, "माझी वाक्यं आहेत." तेही पूर्ण खरं नाही. ती बाबांची आहेत. मी फक्त क्रमाने लावली. माझं स्वतःचं त्यात एकच वाक्य आहे, थरथरीचं, आणि ते खोटं आहे.

म्हणूनच ते उपयोगी आहे. चपट्या वाळूत असतो, हे तुम्हाला दहा जण सांगतील. काप तुमच्या कारागिराला सुचतील, हेही धरून चालू. पण कापांत पाणी थरथरतं, हे जगात एकाच माणसाने लिहिलं आहे, आणि तेही चुकीचं. ही चूक दहा जणांकडून येऊ शकत नाही. तुम्ही म्हणता दुरुस्ती मिळाली नाही. माझ्याकडे तुमचं अकरा फेब्रुवारीचं पत्र आहे. "तीन कापांची दुरुस्ती मिळाली. एवढ्यासाठी वेगळं पाकीट, वेगळं तिकीट!" अक्षर तुमचं, खाली सही तुमची. पाकिटावर टपालाचा शिक्का आहे. तुम्हाला ठाऊक नसेल, पण मी प्रत्येक पत्राची कच्ची प्रत ठेवते, नमुन्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर. थरथरीचं वाक्य असलेल्या जानेवारीच्या पत्राचीही आहे.

आईला सांगितलं. तिने आधी तुमची बाजू घेतली. म्हणाली, "तुझी फी भरत होता तेव्हा तो गोड होता, आता कडू झाला का?" मी तिला तुमचं सतरा तारखेचं पत्र वाचून दाखवलं. सही आणि अंगठा इथवर आले आणि तिने हात वर करून मला थांबवलं. उठून चुलीजवळ गेली, काही शिजत नव्हतं तरी उभी राहिली. नंतर इतकंच म्हणाली, "माझा अंगठाच आहे, त्याला सांग." तेव्हापासून तुमचं नाव तिने घेतलेलं नाही. तुम्ही आलात की तुमच्याबरोबर द्यायला तिने जी पिशवी भरून ठेवली होती, ती रिकामी करून घडी घातली.

मग बाबांना सांगितलं. सगळी पत्रं वाचून दाखवली, माझीसुद्धा. जिथे मी त्यांच्याशी खोटं बोलले तेही. ते ऐकत राहिले. मध्ये एकदाच बोलले, वरून झडप घालणाऱ्या चपट्याचं आलं तेव्हा. "हा माणूस पाण्यावर कधी गेलाच नाही," म्हणाले. रक्तदाबाचं काय, मामा? तेही खोटं होतं का? मी तुमच्यासाठी किती काळजी केली होती.

शेवटी मी वाट पाहत होते, की ते तुमच्यावर चिडतील. ते चिडले नाहीत. मला म्हणाले, "मी तुला सांगत होतो, तू लिहून घेत होतीस. मला वाटायचं, माझी पोर ऐकतेय." तेवढं बोलून साचे उचलले आणि मागच्या खोलीत नेले.

तेव्हापासून मी घरात आले की त्यांचं बोलणं थांबतं. परवा मी विचारलं, आज ओढ कशी होती? म्हणाले, "होती." पूर्वी या प्रश्नावर अर्धा तास गेला असता. तुम्ही बाबांची आमिषं घेतलीत, श्रेय घेतलंत, धक्क्यावरची विक्री बंद केलीत. ते कदाचित परत मिळेल. हे कुठल्या कचेरीत मागायचं, ते मला माहीत नाही, आणि याचा दोष मी तुमच्यावर टाकत नाही. पत्रं मीच लिहिली.

बाबांनी मला हरकत घे असं सांगितलेलं नाही. घेऊ नको असंही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तुला लिहिता येतं. काय करायचं ते कर." हे कौतुक नव्हतं.

तुमच्या नोटिशीवर अर्जाचा क्रमांक आहे, म्हणून मी नोंदणी कचेरीत जाऊन चौकशी केली. खिडकीतल्या बाई तुमच्या ओळखीच्या निघाल्या नाहीत. हरकत तेरा जूनपर्यंत घेता येते. अंगठा चालतो, दोन साक्षीदार असले की पुरे. एक धक्क्यावरचा दुकानदार आहे. दुसरी आई आहे, तिने स्वतःहून सांगितलं.

सोबत काय देणार ते आधीच कळवते. तुमच्या पाठीमागे काही केलं असं व्हायला नको. तुमचं अकरा फेब्रुवारीचं आणि सतरा मेचं पत्र. माझ्या वहीतली पानं. तुमचं एक पाकीट, न फोडलेलं. आणि बाबांची तीन आमिषं, एका कापाचं, दोन कापांचं, तीन कापांचं. अधिकाऱ्यांसमोर ती मिसळायची आणि बाबांनी डोळे मिटून वेगळी करायची. मग तुमच्या पाकिटातली सहा त्यांच्या हातात द्यायची. बाबा यायला तयार होतील की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. ते नाही आले तर मी एकटी जाईन आणि माझी चूक मोठ्याने वाचून दाखवीन.

फीबद्दल. मी ती विसरलेले नाही. त्या शिक्षणातूनच हे पत्र लिहिते आहे.

कामावरून रजा मिळाली आहे. मंगळवार, तीन जून, सकाळी साडेदहा, नोंदणी कचेरी.